अष्टमीच्या नऊ मुली

सगुणाबाईंनी पाचव्या मुलीचे पाय धुतले, पदरानं टिपले, कुंकू लावलं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. अष्टमीला नऊ कुमारिका जेवू घालायचं त्यांचं व्रत होतं. सकाळपासून केदारखेड्यातली घरं पालथी घातली, तरी चार पाट रिकामे होते.

ओसरीवर राधेश्याम कागद आणि एक कोरा अर्ज पसरून बसला होता. नर्सिंग झालेल्या मुलींना तो नवीन जालन्यातल्या ऑफिसातून जपानला पाठवायचा. समोर सगुणाबाईंची नुकतीच नर्सिंग झालेली नात प्रियदर्शनी, दाराशी तिची आई, सगुणाबाईंची सून प्रेमला. कागदावर दोन देशांच्या माणसांची वयं आडव्या पट्ट्यांनी दाखवली होती. खाली लेकरं, मधे कमावते, वर म्हातारे. जपानचं चित्र खाली निमुळतं. आज दहांत तीन म्हातारे, पंचवीस वर्षांनी चार व्हायला आलेले. भारत मधे भरदार. इकडं जवान हात उदंड, तिकडं म्हाताऱ्यांना पाणी द्यायला माणूस न्हाई, असं तो समजावत होता.

प्रियदर्शनीनं आपल्या देशाचं पंचवीस वर्षांनंतरचं चित्र मागितलं. त्यानं जरा रेंगाळतच दुसरा कागद काढला. त्यात भारताच्याही खालच्या पट्ट्या आखडल्या होत्या.

सगुणाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांचा चढलेला आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. आताही तो चढला नाही.

"पंचवीस वर्षं कशाला थांबता, भाऊ? आत्ताच बघा. आख्खं गाव फिरले, नऊ पोरी मिळाल्या न्हाईत. घरोघर एकेक राजपुत्र लोळून राह्यलाय. पोरी पोटातच संपवतात अन् वर देवीपुढं दिवा लावतात. लाज कशी वाटत न्हाई? ज्या उरल्या त्या तुम्ही इमानात बसवा. माझी नात बिलकुल जायची न्हाई."

राधेश्याम ओशाळं हसला. आपल्याही घरी दोन राजपुत्रच हायेत, म्हणाला.

प्रेमलानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आत्याबाई, आपली दुसरी पोरगी आता नऊ वर्षांची असती."

आतून एका मुलीनं विचारलं, जेवायला बसू का.

"तुम्हीच नेल्तं मला दवाखान्यात," प्रेमला तितक्याच हळू म्हणाली. "जाताना राजूरच्या गणपतीला नवस बोलल्या होत्या, पुढच्या खेपेला पोरगा होऊ दे म्हणून."

प्रियदर्शनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आजीकडे पाहत राहिली. आजी तिच्याकडे पाहीना, तेव्हा तिनं राधेश्यामच्या खिशातला पेन मागितला.

"सही कुठं करायची?"