नाथाच्या गाठी

२००१ साली अधिक अश्विन आला आणि चातुर्मास चाराचा पाच महिन्यांचा झाला. एरवी कुणाला त्याचं काही वाटलं नसतं, पण मखमलाबादच्या भजनी मंडळातल्या बायकांनी आषाढी एकादशीला देवळात नेम धरले होते आणि धरताना महिने मोजले नव्हते. अंबूबाईंनी वांगं सोडलं होतं, जे त्यांना तसंही बाधायचं. आणखी एकीनं दुपारची झोप सोडली होती आणि ती आता कीर्तनात घेत होती. चौघी-पाचजणी गाईला घास घातल्याशिवाय जेवत नव्हत्या. गावात गाय एकच, तीही म्हातारी. तिचं पोट त्या पावसाळ्यात पुण्यानं इतकं तट्ट झालं होतं की बसली तर उठवेना.

साळूबाईंना चारचौघींसारखा नेम धरणं पटलं नाही. बाई फार सौम्य. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडून जिंकलेला माणूस घरात कुणी नव्हता. अहंकार म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक नाही, असं त्या स्वतःच अधूनमधून सांगत. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि देवापुढं म्हटलं, "आमच्या नाथानं माझ्या हातचं खाल्ल्याबिगर मी अन्नाला शिवणार नाय." मंडळातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. साळूबाईंना ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्यांनी लगोलग मनातल्या मनात देवाची माफीही मागून टाकली.

नाथा म्हणजे सरडा. कुंपणावर मान हलवत बसणारा साधा नव्हे. रंग बदलणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, एक डोळा पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला फिरवणारा. जेठात शेवंतीच्या वाफ्यात निंदणाऱ्या बायकांना तो दिसला आणि त्यांनी ढेकळं उचलली. ह्याचा श्वास लागला की माणूस आंधळा होतो, हे सगळ्यांना माहीत होतं; असा आंधळा झालेला माणूस मात्र कुणी बघितला नव्हता. साळूबाईंनी त्याला पदरात घेऊन घरी आणलं. मुलगा कुंदन एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर. त्यानं जाळीचा पिंजरा करून दिला, खाली छान गुळगुळीत फरशी बसवली. साळूबाई ती रोज धुऊन, पुसून लख्ख ठेवत. मातीचा कण दिसायचा नाही.

आणल्या आणल्या त्यांनी नाथापुढं दूधभात ठेवला. मग केळं. मग सत्यनारायणाचा शिरा. नाथानं एका डोळ्यानं शिऱ्याकडं आणि दुसऱ्यानं साळूबाईंकडं पाहिलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. शेवटी सून शुभांगीनं झेंडूवरचा नाकतोडा धरून सासूच्या चिमटीत दिला. वीतभर जीभ बाहेर आली आणि नाकतोडा गेला. तेव्हापासून आंघोळ, तुळशीला पाणी, हरिपाठ, आणि मग डोळे घट्ट मिटून 'राम राम' म्हणत नाथाला नाकतोडा, असा क्रम लागला. नाकतोड्याच्या वाट्याला ह्यातलं किती पुण्य येतं, हे देवळातल्या कीर्तनकार महाराजांनी सांगितलं नव्हतं आणि साळूबाईंनी विचारलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास नाथाच्या दोन्ही कुशींना गाठी दिसायला लागल्या. आधी दोन-चार, वाटाण्याएवढ्या. मग पोट असं फुगलं की जणू द्राक्षाचा कोवळा घड सबंध गिळलाय. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी त्यानं नाकतोड्याकडं पाठ फिरवली. साळूबाईंनी तासभर वाट पाहिली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि झेंडू तोडायला निघून गेल्या.

आई उपाशी म्हटल्यावर घरात उघड जेवायचं कसं? साळूबाईंचे मालक बहिरूअण्णा फूलबाजारात चक्कर टाकून येतो म्हणाले आणि मिशांना मिसळीचा लाल कट लावून परत आले. कुंदनला वीजकेंद्रात अचानक जादा काम लागलं, तेही नेमकं कॅन्टीनच्या वेळेला. राहिली शुभांगी. तिला बाजार नव्हता आणि कॅन्टीनही नव्हतं. ती स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून शेंगदाणे खाई. त्यामुळं नाथा बरा व्हावा ही तळमळ घरात सर्वांत जास्त तिला होती.

पहिले तपासायला आले वाल्मीक भाऊजी. बहिरूअण्णांचे चुलतभाऊ, खता-औषधांचे दुकानदार. त्यांनी फुलकिडे बघायचं भिंग खिशातून काढलं, नाथाला उजेडात धरायला लावलं आणि निदान केलं, की हे सूत्रकृमीचं काम आहे. टोमॅटोच्या मुळांना हुबेहूब अशाच गाठी येतात. नाथाला मुळं नाहीत, असं शुभांगीनं हळूच सुचवून पाहिलं. पण लक्षण ते लक्षण, असं भाऊजींचं म्हणणं पडलं. औषध दाणेदार होतं, एकरी दहा किलो. नाथाचा एकर किती, हे ते बोटांवर मोजायला लागले तेव्हा साळूबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. चहा घ्या." त्यांनी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी बहिरूअण्णा आणि शुभांगी नाथाला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या केसपेपरवर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. कंपाउंडरनं बराच विचार करून कोंबडीवर खूण केली. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं नाथाचं पोट दाबलं आणि गाठ असू शकते, गळू असू शकतं, पाणी असू शकतं, वारा असू शकतो असं सांगितलं. खात्री करायची तर कापून बघावं लागेल. कापल्यावर मात्र तो राहील असं नाही. शिवाय हा प्राणी कायद्यानं पाळता येत नाही, तेव्हा मी ह्याला बघितलाच नाही असं समजा, असंही ते म्हणाले. शुभांगीला ते समजायला काहीच जड गेलं नाही.

त्या संध्याकाळी कुंदन कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरून नऊ पानं छापून घेऊन आला. सगळी इंग्रजीत. मूत्रपिंड, संधिवात, जंत, सूज, जीवनसत्त्व कमी, जीवनसत्त्व जास्त. त्यानं एकेक पान जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. टेबलावर जेवण नव्हतंच. नवव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, की ताबडतोब सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तज्ज्ञाला दाखवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईंना उठताना भिंत धरावी लागली. महाराजांना निरोप गेला होता. गाईला घास घातला तरी नेम फिटेल, असं त्यांनी उदार मनानं कळवलं. साळूबाईंनी मान हलवली. शब्द नाथाचा दिला होता, गाईचा नाही. बहिरूअण्णा बायकोसमोर कधी बोलत नसत, ते त्या दिवशी बोलले. "दिवाळीचा माल तोडायचा हाय, अन् तू एका सरड्यापायी जीव देतीस?"

"सरड्यापायी नाय," साळूबाई म्हणाल्या. "बोललेल्यापायी."

एवढ्यात अंबूबाई भेटायला आल्या. त्यांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं, मग साळूबाईंच्या उतरलेल्या तोंडाकडं. "तुमचा नेम देवाला लयच आवडला म्हणायचा," त्या कळवळून म्हणाल्या. "सोडवतच नाय त्याला." मग घरात भाजी काय केलीय, असं विचारून त्या गेल्या.

साळूबाईंच्या जिव्हारी लागायचं ते लागलं. त्या ओसरीवर पिंजऱ्यालगत सतरंजी टाकून आडव्या झाल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे नाथाच्या पातळीला आले, आणि मिटलेले नव्हते. नाथा फांदीवरून खाली उतरला होता. तो पुढच्या दोन्ही पायांनी फरशी खरवडत होता. एका कोपऱ्यात खरवडून झालं की दम घ्यायचा, दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, तिथं खरवडायचं. गुळगुळीत, धुतलेली, लख्ख फरशी. नखं नुसती घसरत होती.

असं कोपरे धुंडाळणं साळूबाईंनी पाहिलं होतं. पूर्वी गोठ्यात असलेल्या तांबड्या गाईचं, गवताच्या गंजीतल्या मांजरीचं. थोरल्या लेकीच्या वेळी दोन दिवस अन्न नको झालेल्या त्या स्वतः अशाच ह्या खोलीतून त्या खोलीत फिरल्या होत्या. चार बाळंतपणं स्वतःची, सहा-सात भावकीतली, गोठ्यातली तर मोजलीच नाहीत. गल्लीत कुणाचं पाऊल जड पडलं तर नवऱ्याच्या आधी साळूबाईंना कळायचं. आणि इथं पाच महिने रोज हातानं घास भरवत होत्या, 'माझा नाथा, माझा नाथा' करत.

"शुभांगे," त्यांनी हाक मारली. "हा नाथा नाय गं. बाई हाय ती. अडलीय. माती मागतीय."

शुभांगी हातातले शेंगदाणे लपवायचं विसरली. भाद्रपदात पिंजऱ्याचं दार उघडं राहून नाथा दिवसभर कुंपणात राहून आला होता, ते तिला आता आठवलं. त्या दिवशी साळूबाई आधीच जेवून घेतलेल्या होत्या, म्हणून कुणी चौकशी केली नव्हती. भिंग, पेन आणि नऊ पानं एवढ्यांच्या तपासणीतून गेलेली ती गरोदर बाई आता फरशीच्या तिसऱ्या कोपऱ्यात खरवडत होती.

दोघींनी तिला टोपलीतून मळ्यात नेलं. साळूबाई चालताना सुनेच्या खांद्यावर होत्या. शेवंतीच्या वाफ्यात चार दिवसांपूर्वी पाणी फिरलं होतं. माती अजून मऊ, ओलसर. खाली ठेवताच ती थोडा वेळ निपचित पडली. साळूबाईंना वाटलं, उशीर झाला. मग तिनं एक पाय हलवला, मग दुसरा. तासाभरात तिचं डोकं मातीत गेलं, दोन तासांनी नुसती शेपटी बाहेर दिसत होती.

चारला वीज आली आणि बहिरूअण्णांनी मोटर चालू केली. पाणी ह्याच वाफ्याकडं येणार होतं. साळूबाई उठल्या आणि पाटात जाऊन बसल्या. तीन दिवसांची उपाशी बाई पाण्यात मांडी घालून बसलेली बघून बहिरूअण्णांनी काही न विचारता फावड्यानं पाणी झेंडूकडं वळवलं. झेंडूला त्या दिवशी पाण्याची गरज नव्हती, पण ते म्हणायची ती वेळ नव्हती.

दिवस मावळायला ती बाहेर आली. मागच्या पायांनी अंड्यांवर माती लोटली, खड्डा बुजवला. कुशी आत गेलेल्या, कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. गाठ एकही नव्हती. शुभांगीनं पानावरून पाण्याचे थेंब सोडले, ते तिनं प्यायले. ड्युटीवरून थेट मळ्यात आलेल्या कुंदनचं म्हणणं पडलं, की पाणी पोटात गेलं म्हणजे खाल्ल्यातच जमा. साळूबाईंनी त्याच्याकडं बघितलं.

रात्री तिला कुंपणाच्या मेंदीवरच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच बसून तिनं साळूबाईंच्या चिमटीतला नाकतोडा घेतला. मग दुसरा, मग तिसरा. शुभांगी घराकडं पळाली आणि ताटलीत भाकरी आणि दूध घेऊन आली. साळूबाई बांधावरच जेवल्या, सावकाश. बहिरूअण्णा दुसरीकडं बघत राहिले. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

कुंदन टोपली पुढं करून तिला उचलायला गेला, तेव्हा साळूबाई म्हणाल्या, "आता पिंजरा नको. माझ्या मोठेपणापायी त्या बाईवर फरशीवर बाळंत व्हायची पाळी आली होती. राहू दे तिला हितंच."

"आणि नेम, आई?"

"नेम हाय तसाच हाय. कार्तिकीपर्यंत."

कार्तिकीला चोवीस दिवस होते. कुंदननं टोपली हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सगळं घर कुंपणाला लागलं. मेंदी हिरवी, तीही हिरवी. बहिरूअण्णा पूर्वेकडून, युनिफॉर्म घातलेला कुंदन पश्चिमेकडून, आणि मधे काडेपेटीत नाकतोडा घेतलेली शुभांगी, तीन-तीनदा एकच फांदी बघत. वाल्मीक भाऊजी भिंग घेऊन आले होते. साळूबाई बांधावर माळ घेऊन बसल्या होत्या. आठ वाजले, कुंदनची बस गेली. साडेनऊला बहिरूअण्णा दबक्या आवाजात 'सापडली' म्हणाले. ते वाळकं पान निघालं.

"घाई करू नका," साळूबाईंनी बांधावरून हळूच सांगितलं. "बाळंतीण हाय ती." आणि माळेचा पुढचा मणी ओढला.