राहते, की येऊन-जाऊन असते?

वार्तिनीच्या उंबऱ्यापासून सरकारी हायस्कूलच्या फाटकापर्यंत सहाशे एकतीस मीटर भरतात. तिने काही दोरी लावून मोजलं नव्हतं. सरकारी यंत्राने वरून सरळ रेषेत मोजलं आणि आकडा शाळेच्या यादीत लावला. त्या वर्षी जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात प्रवेश असेच होते. मार्क गेले चुलीत, घर किती जवळ ते बोला! आणि घर म्हणजे तुम्ही तोंडाने सांगाल ते नव्हे. सरकारी कुटुंबपत्रिकेवर वर्षभर आधीपासून नाव हवं, आणि मूल खरोखर तिथे राहत असायला हवं.

यादीत सगळ्यात शेवटचं नाव होतं वेनिंगचं, वार्तिनीच्या भाचीचं. तिच्याखाली रेघ, आणि रेघेखाली पहिलाच बागास, मागच्या घरातल्या तुतिकचा मुलगा. सहाशे चाळीस मीटर. नऊ मीटरने पोराची शाळा हुकली! नऊ मीटर म्हणजे काय हो? तुतिकने ओट्यावरची कोंबडी हुसकली की ती वार्तिनीच्या अंगणात येऊन थांबते, तेवढं.

तुतिक बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तक्रारसुद्धा तिने नाव लपवून केली नाही. सरळ वार्तिनीच्या दारात आली. वार्तिनी कढईसमोर बसून शेंगदाण्याचे कुरकुरीत पापड तळत होती, तोच तिचा धंदा.

"वार्तिनीताई, मी शाळेत अर्ज दिलाय," तुतिक म्हणाली. "मागून कानावर येण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. तुमची भाची इथे राहते की येऊन-जाऊन असते, ते त्यांनी येऊन बघावं. दर शनिवारी पाठीला पिशवी लावून निघते ती सोमवारी उगवते. दोरीवर तिचा एक कपडा कधी मला दिसला नाही. माझं चुकत असेल तर पाया पडेन तुमच्या."

"पाया कसली पडतेस," वार्तिनी म्हणाली. "हे घे, बागासला ने. गरम आहेत."

तुतिकने पुडी घेतली, आभार मानले आणि गेली. आमच्याकडे भांडणं अशी होतात. माणूस जितका चिडेल तितका त्याचा आवाज खाली जातो आणि हातात काहीतरी खायला ठेवलं जातं. शेजाऱ्यांनी एकमेकांवर ओरडल्याचं त्या वस्तीत कुणाला आठवत नव्हतं.

पण वार्तिनीचं काळीज त्या दिवसापासून ठिकाणावर नव्हतं. वेनिंगची आई हार्सी तैवानला एका म्हाताऱ्याची सेवा करायला गेलेली, बापाने दुसरं घर मांडलेलं. पोर आधी बोयोलालीला बापाच्या आईकडे राहिली, मग वोनोगिरीला मामाकडे, आणि दीड वर्षापूर्वी वार्तिनीकडे आली. शनिवार-रविवार ती त्या बोयोलालीच्या आजीला न्हाऊ-माखू घालायला जायची, आपलं आठवड्याचं धुणंही तिथेच धुवून आणायची. आजीला आता दिसत नव्हतं. इथला प्रवेश रद्द झाला तर तिला वोनोगिरीला परत जावं लागणार होतं. तिथल्या शाळेत जागा होत्या, आणि मामाने हार्सीला तसं फोनवर सांगूनही टाकलं होतं. नवरा गेल्यावर सहा वर्षं वार्तिनी एकटी राहिली होती. आता पुन्हा एकटीने जेवायला बसणं तिच्याने होणार नव्हतं.

तरी तिने मनाला समजावलं, की जे आहे ते खरं आहे, मग भ्यायचं कशाला?

बुधवारी सकाळी शाळेचे बास्कोरो सर आले. फिजिक्स शिकवणारे, पन्नाशीचे, घामाघूम झालेले. बरोबर गल्लीचे प्रमुख दार्मादीभाऊ, बगलेत त्यांची वही. गल्लीत कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याचं नाव त्या वहीत घालायचं, असा नियम आहे; गल्लीच्या तोंडावर तशी पाटीच आहे.

"वहीत वेनिंगचं नाव नाही, सर," दार्मादीभाऊ पडेल आवाजात म्हणाले. "मी तेव्हा दोनदा आलो होतो. वार्तिनीवहिनींनी घालू दिलं नाही."

"का हो?" सरांनी विचारलं.

"अहो, ती वही पाहुण्यांची!" वार्तिनी म्हणाली. "बहिणीची पोर माझ्या घरी आली, ती पाहुणी का होईल? मी नाही म्हटलं म्हणजे नाही."

सर हसले. माणूस भला होता. पण फॉर्मवर जे रकाने होते ते त्यांना भरायचे होते. झोपते कुठे? मावशीशेजारी, एकाच पलंगावर. वह्या-पुस्तकं? नववी संपली तशी खालच्या वर्गातल्या मुलीला देऊन टाकली. जुना गणवेश? तोही दिला. भिंतीवर एखादा फोटो, वेळापत्रक? भिंत कोरी.

"कपडे दाखवता का जरा?" सर संकोचून म्हणाले. "माफ करा हं, विचारावं लागतं."

"त्यात काय!" वार्तिनी उठली. इथे तिला जोर आला. नवऱ्याचं सागवानी कपाट होतं, त्याचा डावा कप्पा तिने वेनिंगला दिला होता. दिला त्या दिवसापासून तिने तो एकदाही उघडला नव्हता. वयात आलेल्या मुलीचा कप्पा, आपण कशाला नाक खुपसा! तिने ऐटीत दार ओढलं.

कप्पा रिकामा होता. तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद जसाच्या तसा, आणि त्यावर डांबराची एक गोळी.

वार्तिनीने दार लावलं आणि पुन्हा उघडलं, जणू दुसऱ्यांदा काहीतरी निघेल.

"वेनिंग," सर हळूच म्हणाले, "तुझे कपडे कुठे आहेत बाळा?"

वेनिंगने दाराआडून पिशवी आणली. तीच ती पाठीवरची. आत चार कपडे घडी घालून, टॉवेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत ब्रश, शाळेचे दाखले, आईचा एक फोटो. आत्ता बस आली तर आत्ता चढता येईल, अशी ती पिशवी होती.

सरांनी एक मोठा श्वास घेतला. "तू राहतेस कुठे?"

"मावशींकडे."

"ते झालं. तुझं घर कुठलं?"

पोरीने मान खाली घातली. बोयोलाली म्हणावं, वोनोगिरी म्हणावं, की हे? तिला खरंच सांगता येईना. वार्तिनी तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. एक शब्द बोल गं, एवढंच तिच्या मनात होतं.

"मला आजच कळवायचंय," सर म्हणाले. "मावशी, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण मी लिहू काय?" त्यांनी फाइल मिटली, नमस्कार केला आणि बाहेर पायरीवर बूट घालायला बसले. दार्मादीभाऊ त्यांच्या शेजारी उभे राहिले, वही इकडून तिकडे करत.

आत वार्तिनी कपाटासमोर तशीच उभी होती. आणि मग तिचा आवाज फुटला. गल्लीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. खुद्द वार्तिनीनेही ऐकला नसावा.

"दीड वर्ष! दीड वर्ष तू माझ्या घरात बसस्टँडवर बसल्यासारखी बसलीयेस?"

"मावशी, हळू... ते बाहेर आहेत अजून."

"असू देत! त्या कप्प्यात तुझ्या काकांचे शर्ट होते. माणूस गेला तेव्हा नाही काढले मी. तू येणार म्हणून काढले, तू! आणि तुला एक रुमाल ठेवावासा वाटला नाही त्यात?" तिने पिशवी उचलली आणि उलटी केली. कपडे, ब्रश, दाखले सगळे फरशीवर.

"माझे दाखले!" वेनिंग किंचाळली. "कशाला उपसतेस माझी पिशवी? सगळे हेच करतात! आजीकडे कपाटात कपडे लावले, तर तीन महिन्यांनी म्हणाली आवर. मामाकडे भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, तर मामी म्हणाली रंग निघतो. दोन्हीकडे मी आवरत होते आणि सगळे उभे राहून बघत होते. मग ठरवलं मी, आवरावं लागेल असं काही बाहेर काढायचंच नाही. कळलं?"

"मी मामी आहे का गं?"

"तू तिच्याहून वाईट आहेस! मामी निदान ओरडायची. तू एकदासुद्धा ओरडली नाहीस. परवा पिठात मी दोनदा मीठ घातलं, अख्खा घाणा फुकट गेला, तरी तुझं आपलं 'असू दे बाळा'! मला वाटायचं, जिला ठेवायचं नाही तिला कशाला ओरडतील? आणि माशाचा मधला तुकडा रोज माझ्या ताटात. स्वतः डोकं चोखत बसतेस आणि म्हणतेस, मला डोकंच आवडतं. खोटारडी!"

"मला डोकं खरंच आवडतं!"

"आणि शेपटी? शेपटीही आवडते? गुडघा दुखतो तो लपवतेस. पहाटे पलंगाची कड धरून उठतेस आणि तोंडावर हात दाबून ठेवतेस. मी जागी असते! रोज जागी असते. तू मोरीत गेलीस की मगच डोळे उघडते, तुला कळू नये म्हणून."

"मग मीही सांगते! झोपेत आईला हाका मारतेस तू. पाठीवर हात ठेवला की गप्प होतेस. सकाळी काढला कधी मी तो विषय?"

"काढायचा होतास!" वेनिंग आता रडत होती, ढसाढसा, नाक पुसायचंही भान नव्हतं. "मला वाटायचं ते स्वप्नातच होतं. ती आईच आली होती असं वाटायचं मला."

पायरीवर सरांच्या एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसरी हातातच राहिली होती. दार्मादीभाऊ नको इतके बारकाईने पेरूच्या झाडाकडे बघत होते. आणि कुंपणापलीकडे तुतिक उभी होती, हातात झारा, त्यातून तेल ठिबकतंय याचा तिला पत्ता नव्हता.

सर उठून तिच्याजवळ गेले. "अर्ज तुमचाच ना?"

"माझाच," तुतिक म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते वेनिंगसाठी की बागाससाठी हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोराला आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागणार होतं. "मागे घेते मी, सर. राहते ती इथे. पाहुण्याशी असं कुणी भांडत नाही."

"नाही भांडत," दार्मादीभाऊ पेरूकडे बघतच म्हणाले.

तुतिक मागे वळली आणि आपल्या घरात गेली. तिची कढई चुलीवर होती.

सरांनी फाइल उघडली. शेवटच्या रकान्यात, जिथे तपासणाऱ्याने स्वतः काय पाहिलं ते लिहायचं असतं, तिथे त्यांनी लिहिलं: 'मावशी व भाची यांचे कडाक्याचे भांडण झाले. मुलगी येथेच राहते.' खाली सही केली, दार्मादीभाऊंची घेतली. हे आत सांगावं म्हणून ते दारापर्यंत गेले, दोनदा खाकरले, आणि मग आत न जाता तिथेच थांबले.

आत भांडण संपलं होतं. वेनिंग गुडघ्यावर बसून फरशीवरचे कपडे गोळा करत होती आणि घडी घालून पुन्हा पिशवीत भरत होती.

"हे काय चाललंय?" वार्तिनीने विचारलं. तिचा घसा बसला होता.

"मामाला फोन करू ना मी?" वेनिंग खालमानेने म्हणाली. "संध्याकाळची बस मिळेल. मी... मी तुमच्यावर ओरडले, मावशी."

वार्तिनी भिंतीला धरून खाली बसली. गुडघा कळवळला, तशी या वेळी ती मोठ्याने "आई गं!" म्हणाली. तिने पोरीच्या हातातला फ्रॉक काढून घेतला.

"मीही ओरडले की तुझ्यावर," ती म्हणाली. "मग मीही घर सोडून जाऊ का?"

वेनिंगने मान वर केली. "तू कुठे जाशील?" तिने विचारलं. "तुझं घर आहे हे." आणि मग हुंदक्यातच म्हणाली, "आपलं आहे."