मैनाच्या वाटणीचा भात

खारघरच्या हॉस्पिटलात आहारशास्त्राच्या इंटर्नशिपला दोनच जागा होत्या आणि अर्ज त्या दिवशी पाचच्या आत पोचवायचा होता. समीक्षाचं सगळं तयार होतं, फक्त सोबत जोडायचा एका रुग्णाचा आहार-तक्ता अडला होता. तिचा रुग्ण खोटं बोलत होता.

रुग्ण म्हणजे तिचे बाबा, दयाराम. आई, मैना, गेल्यापासून त्यांची साखर चढतच होती.

"बाबा, काल रात्री काय खाल्लं?"

"तूच वाडलंस ना? एक भाकरी नि आमटी."

"मग साखर काय वाऱ्याने चढते?"

"ते तू सांग. शिकलेली तू हायस."

छापलेला तक्ता टेबलावर होता. देऊन टाकावा तसाच? पण आकडे जुळत नव्हते, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच आला असता.

हौसाआत्या ताक घेऊन आली. "बाय, अजून निघाली नायस?"

"आत्या, बाबा बाहेर काही खातात का गं? घरात तर मी मोजून वाढते. आईच्या नावाचं ताट तेवढं भरून वाढते, पण ते बाबा शेजारच्या शिवाकाकांच्या गाईला घालून येतात."

"कुठली गाय? शिवानं दिवाळीतच गोठा पाडला. तिथं बिल्डिंग उठतेय. तू पहाटे जातेस, रात्री येतेस, तुला काय दिसणार!"

समीक्षाने बाबांकडे पाहिलं. ते पंच्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले.

आईच्या ताटात ती भाताचा डोंगर वाढायची, वर कोलंबी, कधी खीर. आईने जन्मभर तळाची खरवड खाल्ली म्हणून.

"तिच्या ताटातलं टाकवत नाय, बाय," बाबा म्हणाले.

घड्याळाकडे न बघता समीक्षाने छापलेला तक्ता फाडला आणि कोरा कागद ओढला. रात्रीचं जेवण, तिने लिहिलं, दोन ताटांत. भाकरी अर्धी अर्धी. भात एकाच ताटात, मूठभर. कारणाच्या रकान्यात पेन थांबलं, मग तेही लिहिलं.

हॉस्पिटलातली अर्जाची खिडकी बंद होता होता ती पोचली.

"हाताने लिहिलंय?" कारकून म्हणाला. "बाकी सगळ्यांचं टाइप केलेलं आहे."

"असू दे. खरं आहे."

त्याने शिक्का मारला.

रात्री बाबांनी आईचं ताट उचललं आणि थबकले. "एवढंच वाडलंस तिला?"

"तिलाही पथ्य लावलंय."

रोज ते ताट घेऊन दाराबाहेर जायचे, ते बाबा आज समीक्षाच्या शेजारीच मांडी घालून बसले आणि मूठभर भात सावकाश कालवू लागले.