गार बॅटरी

गनीभाई खरादी चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले, पण शब्दांच्या नादी कधी लागले नाहीत. लागले ते साठी जवळ आल्यावर, आणि तेही एकाच शब्दाच्या. तो शब्द म्हणजे बॅटरी.

आता खानदेशात बॅटरी म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही विचारा. अंधारात हातात धरायची, बटण दाबलं की उजेड पडतो, ती बॅटरी. तिच्या पोटात घालतात तो सेल. पिढ्यानपिढ्या हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पण लेक सदफ देवपूरच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने बापाला गिऱ्हाइकासमोर टोकलं.

"अब्बा, बॅटरी म्हणजे आतला सेल. हातात धरतो ती टॉर्च. टॉर्च म्हणा."

गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. गनीभाईंचे कान तापले, पण पोरीवर चिडायचं त्यांना कधी जमलंच नाही. त्यांनी स्वतःलाच वळण लावलं. बॅटरी म्हणजे सेल, बॅटरी म्हणजे सेल. लेथ फिरायची आणि ओठ हलायचे. बायको कनीजला वाटायचं, माणूस देवभोळा झाला.

धुळ्यात ऐंशी फुटी रस्त्याच्या मागे त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप. एके काळी आख्ख्या तालुक्यातल्या पंपांचे शाफ्ट तिथे उतरायचे. आता पंप बिघडला की लोक नवाच आणतात. लेथ दिवसातून दोन तास फिरली तरी नशीब. सदफला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं. तिने बापाला सरळ सांगितलं होतं, "मला इथेच राहायचंय. पण इथे मी करू काय? आपण आपली टॉर्च बनवू. ती चालली तर राहते, नाही चालली तर जाते." एकुलती एक पोर. गनीभाईंच्या जिवाचं पाणी झालं. ही पोर राहिली पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं.

टॉर्च कसली, तर मुठीत मावेल एवढी, चार्जिंगची, आणि शंभर पावलांवरचा साप दिसेल अशा उजेडाची. उजेड पाडणं सोपं निघालं. उष्णतेने मात्र जीव नकोसा केला. पहिल्या टॉर्चचा दिवा दहा मिनिटांत निळा पडला आणि महिन्याभरात मेला.

"एवढ्याशा दिव्यात केवढी उष्णता तयार होते, ठाऊक आहे?" सदफ म्हणाली. "तिला बाहेर जायला वाट पाहिजे. दिव्याखाली तांब्याची चकती, चकतीखाली ॲल्युमिनियमचं अंग, आणि अंगाला माणसाचा हात. हात उष्णता ओढून घेतो. मध्ये हवेची फट राहिली की संपलं."

फट ठेवायची नाही, हे गनीभाईंना शिकवावं लागलं नाही. त्यांनी अंगाच्या आत चकतीसाठी बैठक कातली, शाई लावून चकती टेकवली, उचलली, पुन्हा कातलं. शाई सगळीकडे सारखी उठली, म्हणजे कुठे फट उरली नाही, तेव्हा सदफने ती बैठक खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिली. "अब्बा, कंपनीतसुद्धा असं काम होत नसेल," ती म्हणाली. गनीभाई त्या दिवशी दोनदा जेवले. सदफने वर एक बारीक सेन्सर बसवला. अंग फारच तापलं की तो उजेड आपोआप थोडा कमी करायचा, म्हणजे दिवाही वाचतो आणि सेलही.

चाळीसगावकडच्या एका गावातली पाणीवापर संस्था सभासदांसाठी टॉर्चा घेणार होती. अध्यक्ष योगराज पाटील. त्याने बारा नग महिनाभर वापरायला ठेवून घेतले. पसंत पडल्या तर दोनशेची ऑर्डर. महिन्याने संस्थेच्या शिक्क्याचा कागद आला. सदफने मोठ्याने वाचला: "बॅटरी फार गरम होते. सभासद नाराज आहेत. सुधारणा करून आणावी, मग बघू."

सदफचा चेहरा उतरला. "सेल गरम होतोय! लिथियमचा सेल आहे अब्बा, फुटला तर कुणाचा हात जाईल."

गनीभाईंच्या मनात तेव्हा एक पाल चुकचुकली. चाळीसगावकडचा माणूस बॅटरी म्हणतो तेव्हा... पण नाही. बॅटरी म्हणजे सेल. इतक्या कष्टाने बसवलेलं वळण, ते ऐन वेळी कसं मोडायचं? आणि पुन्हा चूक निघाली तर पोर पुन्हा टोकणार. ते गप्प बसले. अक्कल गहाण टाकायची तर माणसाने असा मुहूर्त शोधावा!

पुढचा महिना सदफ सेलच्या मागे हात धुऊन लागली. सेलला तापमापी बांधून ती तासन्‌तास वहीत आकडे टिपायची. सेल चांगला निघाला, तरी तिने आणखी भारीतला मागवला. मग तिने उष्णतेची वाटच बदलली. पुढचा भाग जाड करायचा, त्याला खाचा पाडायच्या, म्हणजे दिव्याची सगळी ऊब सेलकडे न जाता झटकन बाहेर पडेल. "अंग तापलं तर तापू दे, सेल गार राहिला पाहिजे." गनीभाईंनी बारा अंगं नव्याने कातली. इतकं देखणं काम त्यांच्या हातून तरुणपणीही झालं नव्हतं.

"तुम्हीच जा," सदफ म्हणाली. "त्यांची बोली तुम्हाला येते."

संस्थेच्या खोलीत भर दुपारी सात-आठ जण बसले होते. सुपडू आबा सगळ्यांत वडील. त्यांनी टॉर्च उचलली, लावली आणि पाच मिनिटं मुठीत धरून बसले. मग आबांनी ती टेबलावर टाकली आणि तळहात झटकला.

"गनीभाऊ, आम्ही सांगं बॅटरी गरम व्हस. तुम्ही तं आखो जास्ती गरम करी आणी!"

"आबा, सेल बदलला. सेल एकदम गार आहे, बघा..."

"सेलले काय धाड भरनी? सेलनं नाव कोणी लिधं? बॅटरी! हाई, हातमा धरतस ती!"

सगळे हसले. गनीभाईंना हसू आलं नाही. एक महिना, पोरीची वही, ती बारा अंगं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कागद आला त्या दिवशी आपल्याला कळलं होतं आणि आपण गिळून बसलो, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

पण माणूस कसबी होता, कामासाठी भांडणारा होता. ते म्हणाले, "आबा, ऐका. थर्मासला हात लावला तर गार लागतो ना? आत चहा उकळता असतो. गार लागते त्या बॅटरीचं असंच आहे, आत दिवा भाजून मरतो. ही गरम लागते म्हणजे उष्णता बाहेर पडतेय. गरम लागते तीच चांगली."

"मंग थर्मासच दे ना भाऊ," सुपडू आबा म्हणाले. "हात तं गार राही!"

या वेळी हसणं रस्त्यापर्यंत गेलं. योगराजने ड्रॉवरमधून एक काळी रबरी टॉर्च काढली. जळगावच्या रुपचंद नावाच्या व्यापाऱ्याने नमुना म्हणून दिलेली. "हीपण बघितलीय आम्ही. एकदम गार, उजेडही मध्येच कमी होत नाही. पण गनीभाई, तुम्ही आपल्या भागातले. रबराचं कव्हर चढवा, ते उजेड कमी व्हायचं नाटक बंद करा. दोनशेचा शब्द देतो, आत्ता."

कव्हर चढवलं की ऊब कोंडणार. सेन्सर काढला की दिव्याला कुणी वाली नाही. वर्षभरात या टॉर्चा मरणार, हे गनीभाईंना तिथे बसल्या जागी दिसत होतं. आणि पुण्याचं बोलावणंही दिसत होतं. ते म्हणाले, "चालेल."

घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "ऑर्डर मिळाली." सदफ लहान मुलीसारखी उडी मारून आईच्या गळ्यात पडली. त्याच संध्याकाळी तिने पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. गनीभाई शेजारी उभे होते. त्यांनी थांबवलं नाही. खोटं बोलले असते तर निदान तोबा तरी करता आली असती. ते फक्त अर्धंच बोलले होते.

मग सुरू झाली ती चोरी. सदफ खोकी आणायला किंवा छपाईवाल्याकडे गेली की गनीभाई तयार टॉर्च उघडायचे, सेन्सर उपटायचे आणि त्या जागी एक साधा रेझिस्टर डकवायचे. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून ते शिकून आले होते. सर्किटला वाटायचं, सगळं गार आहे. चौथ्या दिवशी सदफ लवकर परतली. बाप पाठमोरा वाकलेला, हातात सोल्डरिंग आयर्न, टेबलावर उपटलेल्या सेन्सरांचा ढीग.

गनीभाईंनी सगळं सांगितलं. संस्थेतलं हसणं, थर्मास, बॅटरी शब्दाचा घोळ, कव्हरचा आणि सेन्सर काढायचा दिलेला शब्द. एकही गोष्ट लपवली नाही.

"किती दिवस टिकतील?" तिने विचारलं.

"एक हंगाम. फार तर दीड."

"मग?"

"मग नवीन घेतील," गनीभाई म्हणाले, आणि आपल्याच तोंडून हे निघालं म्हणून दचकले.

आता ही ओरडेल, असं त्यांना वाटलं. ओरडावं, टेबल उलथून टाकावं, पुण्याला जाते म्हणावं, अशी त्यांनी मनातून वाट पाहिली. सदफने टॉर्च उचलून सोल्डरचे टाके पाहिले. "कच्चे आहेत," ती म्हणाली. "आठवड्यात सुटतील. द्या इकडे." तिने बापाच्या हातातून आयर्न घेतलं, खुर्ची ओढली आणि बसली. उरलेल्या सगळ्या टॉर्चांचे सेन्सर तिने तीन दिवसांत काढले. टाके असे सफाईदार की बोट ठेवायला जागा नाही.

रबरी कव्हरं चढवून टॉर्चा गेल्या आणि गावभर वाहवा झाली. सुपडू आबांनी मुद्दाम फोन केला: "गार शे भाऊ, बठ्ठा लोके खूश शेतस. पोर हुशार शे तुमनी." दोन महिन्यांनी खुद्द रुपचंद जळगावहून वर्कशॉपवर आला. त्याला अशाच गार टॉर्चचे पाच हजार नग हवे होते. सदफने त्याच्याशी अर्धा तास एकटीने बोलणं केलं. गनीभाई लेथपाशी उभे राहून ऐकत होते. पोरीचा आवाज मऊ होता, पक्का होता, आणि त्यात कुठेही अडखळणं नव्हतं. तिला कुणी काही शिकवायला नको होतं. शिकवून झालं होतं.

रुपचंद गेल्यावर ती चहाचे दोन कप घेऊन आली.

"अब्बा, रबर चढणारच आहे, तर खाली ॲल्युमिनियम कशाला? प्लॅस्टिकची अंगं तयार मिळतात. आत काय आहे ते कोण बघतंय?"

गनीभाईंनी कप हातात घेतला.

"आणि पाच हजारांच्या पॅकिंगला टेबलं लावावी लागतील. जागा नाही आपल्याकडे." तिच्या आवाजात माया होती, तीही खरी. "तुमचेही गुडघे दुखतात उभं राहून. उद्या अकराला एक माणूस येईल. लेथ बघायला."

पोर राहिली होती. तेवढंच तर मागितलं होतं त्यांनी. गनीभाई म्हणाले, "बरं. अकराला मी इथे असतो."