सुई आणि न्याहारीच्या मधला अर्धा तास

भागम्माला पाण्याची भीती होती, आणि ती काही झाकून ठेवायची गोष्ट नव्हती. ईश्वरअप्पा कापडवाल्याची बायको गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेली तरी वरच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करते आणि दुसऱ्या हाताने पायरी घट्ट धरून ठेवते, हे सोनपेठच्या अर्ध्या बाजारपेठेला ठाऊक होतं. अशा बाईला पोराने लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला द्यावं काय, तर गोदावरीवरची तीन दिवसांची आलिशान नौकायात्रा. शंभुराज पुण्यात राहतो. पुण्यात राहणाऱ्यांना असलं काहीबाही सुचत असतं.

नौका म्हणजे पाण्यावर सोडलेलं हॉटेलच होतं. दोन मजले, गार हवेच्या खोल्या, पांढरेशुभ्र पडदे, पायाखाली गालिचा. बंधाऱ्यांनी अडवलेल्या पाण्यावरून ती मुद्गलच्या बाजूने निघायची, धारासूरचं जुनं देऊळ दाखवायची आणि तिसऱ्या दिवशी गंगाखेडच्या घाटाला लागायची. पहिल्या दिवशी ईश्वरअप्पा वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून जे बसले ते उठायचं नाव घेईनात. काठावरचा ऊस, पाण्याच्या मोटारी, चरणारी शेरडं, जन्मभर पाहिलेलं सगळं त्यांना नव्याने दिसत होतं. भागम्मा मात्र खोलीत पलंगाच्या बरोबर मधोमध बसून राहिली. आपण मधोमध बसलो की नौका कलंडत नाही, असं तिने तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

अप्पांना शुगर होऊन बारा वर्षं झाली होती. इन्सुलिनची सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आणि लिंगायताच्या घरातला नियम असा, की इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. अप्पांनी या दोन नियमांची सोयरीकच जुळवून टाकली. आधी अंघोळ, मग सुई, मग पूजा. पूजेला अर्धा तास लागायचा, ती संपली की ताट समोर. बारा वर्षांत यात एका दिवसाचीही चूक झाली नव्हती, आणि या गोष्टीचा अप्पांना जरा जास्तच अभिमान होता.

हे इष्टलिंग लहानपणी गुरू गळ्यात घालतात. काळंभोर, आवळ्याएवढं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. ते अंघोळीतही निघत नाही, आजारपणातही निघत नाही, आणि माणूस मातीत जाताना त्याच्या हातावर ठेवलं जातं. ज्याचं त्याने पुजायचं, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. लग्नात नवराबायकोच्या डब्या एकाच सोनाराने घडवल्या होत्या, त्यामुळे त्या दिसायला सारख्या होत्या. भागम्माचा दोरा काळा सुती होता. अप्पांचाही सुतीच होता, पण यात्रेला निघताना सून महेश्वरीने हौसेने तांबडा रेशमी दोरा आणला आणि अप्पांनी तो लगेच घातला. रेशमाची गाठ ओली झाली की सरकते, हे चाळीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला कळायला नको? पण सुनेचं कौतुक आड आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौका धारासूरजवळ मध्यपात्रात उभी होती. गंगेवर येऊन नळाच्या पाण्याने अंघोळ करणं अप्पांना पटेना. ते नौकेच्या मागच्या बाजूला गेले, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या लोखंडी पायऱ्यांवर बसले आणि तांब्यामागून तांब्या अंगावर ओतत राहिले. खुशीत खोलीत आले, पंचा नेसले, पोटाला सुई टोचून घेतली, आसन पसरलं, कपाळाला भस्म लावलं आणि डबीसाठी गळ्याकडे हात नेला.

गळ्यात काहीच नव्हतं.

अप्पांनी छाती चाचपली, पंचा झटकला, आसन उलटंपालटं केलं. भागम्माने ते पाहिलं. ती पाण्याची भीती विसरून अनवाणी मागच्या पायऱ्यांकडे धावली. शेवटच्या पायरीवर तांबडा दोरा पडला होता. डबी नव्हती. खाली हिरवट, खोल, संथ पाणी होतं.

नौकेची मॅनेजर संघप्रिया ही परभणीचीच, हुशार आणि शांत बाई. तिने दोन माणसांना पाण्यात उतरवलं, पण इथे तीस फूट पाणी आणि तळाशी गाळ आहे, हे तिने खोटी आशा न दाखवता सांगून टाकलं. मग भागम्माने तिला सुईचं सांगितलं. संघप्रियाने घड्याळाकडे पाहिलं, तिचा चेहरा बदलला. तिने नौका लगेच सोडायला सांगितली, काठावर डॉक्टर बोलावला. पण नौका लागू शकेल असा जवळचा घाट तासाच्या वाटेवर होता.

संत्र्याचा रस आला, साखर आली, उपमा आला. अप्पांनी कशालाही हात लावला नाही. भिंतीला टेकून ते डोळे मिटून बसले.

"लिंग गेलं तं जीव ठिवून काय करायचा," ते म्हणाले. "मला आता काही इचारू नका."

भागम्माने विनवण्या केल्या, पाय धरले, शंभुराजला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पोरगा तिकडून रडकुंडीला आला, पण अप्पांनी मान फिरवली. अर्धा तास झाला. चाळीस मिनिटं झाली. अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळायला लागलं, बोटं थरथरायला लागली. भागम्माने जबरदस्तीने चमचा ओठाला लावला तर त्यांनी दातखीळ बसल्यासारखे दात आवळून धरले. मग ते दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाशी पुटपुटायला लागले. तेव्हा भागम्माने चमचा खाली ठेवला. हा माणूस आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार, या गार हवेच्या खोलीत, या पांढऱ्या चादरीवर, आणि आपण बघत बसणार. इतकी ती आयुष्यात कधी भ्यायली नव्हती.

ती उठून न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली. गळ्यातला काळा दोरा तिने डोक्यावरून काढला. बाळंतपणातसुद्धा ही डबी अंगावरून उतरली नव्हती. आपण पाप करतोय हे तिला स्वच्छ कळत होतं. देवाचा कोप होईल, उद्या याहून वाईट काही होईल, असलं सगळं मनात येत होतं, तरी हात थांबले नाहीत. तिने दोरा सोडवून कमरेला खोचला, डबी नळाखाली धरली, पदर भिजवला आणि बाहेर आली.

"आवो, सापडलं," ती म्हणाली. "पायरीखाली दोरखंडात अडकलं होतं. बघा तरी."

अप्पांनी डोळे उघडले. दाराशी उभ्या असलेल्या संघप्रियाची नजर भागम्माच्या मोकळ्या गळ्याकडे गेली आणि तिथेच क्षणभर थांबली. मग ती अप्पांना म्हणाली की हो, आमच्याच माणसाने काढून दिलं.

भागम्माने डबी उघडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. अप्पा त्याच्याकडे पाहत राहिले. मग एकदा त्यांनी भागम्माकडे पाहिलं. तिला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी थरथरत्या बोटांनी भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं, चमचाभर पाणी घातलं, ते तीर्थ म्हणून प्यायले आणि तोंड उघडलं. तिने साखर भरवली, रस पाजला, पुन्हा साखर भरवली. दहा मिनिटांनी बोटांची थरथर थांबली. वीस मिनिटांनी अप्पांनी उपमा मागितला आणि त्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा संघप्रिया डोळे पुसत बाहेर गेली.

भागम्माने स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. भूक नाही म्हणाली. आता कशावर पूजा करणार आणि कसं जेवणार? नवऱ्याशी खोटं बोलले, देवाशी खोटं बोलले, हे आता मरेपर्यंत पोटात ठेवायचं. नौका जराशी हलली तरी तिला वाटायचं, हे त्या पापाचंच फळ.

अप्पांनी उपमा संपवला, हात धुतले आणि तिच्याजवळ येऊन बसले.

"डबी गार होती," ते हळूच म्हणाले. "आतलं लिंग गरम होतं."

भागम्माने मोकळ्या गळ्यावर पदर ओढला.

"गंगेतून काढलेलं गरम कसं राहील? हातावर घेतल्याबरुबर कळलं मला. दुसऱ्याच्या अंगावरचं हाय."

"मंग पुजलं कसं तुमी?"

"तुज्या तोंडाकडं बघितलं," अप्पा म्हणाले. "पाण्याला भेतीस तवाबी असं तोंड न्हवतं तुजं."

त्यांनी डबी तिच्या हातात दिली, आसन पुढे सरकवलं आणि आधी पूजा कर, मग जेव, असं सांगितलं. तिने पूजा केली. डोळ्यांतलं पाणी लिंगावर पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. गार झालेला उपमा तिने खाल्ला. तेवढा वेळ अप्पा आपला मोकळा गळा चाचपत बसले होते.

"उद्या सकाळी काय करू मी?" ते म्हणाले. "मला भ्या वाटायलंय."

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य भागम्माने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भ्यायचं काम त्या घरात तिच्याकडे होतं. तिने कमरेचा काळा दोरा काढून डबी त्यात ओवली, गाठ मारली, ओढून पाहिली आणि दुसरी गाठ मारली.

"मठात जाऊन गुरूंकडनं नवं घीस्तोर हेच," ती म्हणाली. "आदी तुमच्या हातावर, मंग माज्या. काय पाप लागायचं ते दोघांला मिळून लागंल."

"आन सुई?"

"सुई माज्याजवळ राहील. पूजा झाल्यावर देईन, ताट समूर आल्यावर. ह्याच्यापुढं रोजच."

अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी पिशवीतून सुईची पेटी काढली आणि तिच्या ओल्या पदरात ठेवली.