घर कोणी बांधायचं

डेल्मरने नऊ पानांचा अर्ज ट्रकच्या बॉनेटवर पालथा टाकला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

"हे काय आणलंस?"

"बांधकाम करणाऱ्याची माहिती," लोरीन म्हणाली. "परवाना, विमा, आधी बांधलेली घरं. माजी सैनिकांच्या खात्याकडे तुझी नोंद झाली, तरच बँक कर्ज सोडणार."

"आधी बांधलेली घरं!" त्याने समोरच्या टेकडीकडे हात उडवला. "डोळे आहेत ना त्यांना? येऊन मोजा म्हणावं."

"ते येणार नाहीत. लिहून द्यावं लागतं."

"मग दे की लिहून. सार्जंटबाई ना तू? सोड हुकूम."

अर्धवट घराच्या छपरावर खिळे ठोकणारे त्याचे दोघे गडी हात थांबवून हसले. लोरीनने वर पाहिलं नाही. वीस वर्षं तिने फौजेचे ट्रक चालवले होते. सहा वर्षांपूर्वी डावा पाय गमावून ती ओझार्कच्या या डोंगरात परतली आणि आईच्या घरात राहू लागली. ते घर डेल्मरनेच बांधलेलं. दोन वर्षांनी आई गेली. आता ओढ्याकाठच्या स्वतःच्या तुकड्यावर तिला घर बांधायचं होतं, आणि तीन महिने ती या थोरल्या भावाच्या मागे लागली होती. पहिला अर्ज त्याने हरवला होता. दुसरा कुत्र्याने फाडला, असं त्याने सांगितलं होतं.

"माझी बहीण माझ्याकडून घर बांधून घेते, यात सरकारचा काय संबंध?"

"कर्जाला हमी सरकारची आहे, डेल."

"मग सरकारकडूनच घे बांधून!"

तिने कप उचलून बाजूला ठेवला. अर्जाच्या पाठीवर तपकिरी गोल उमटला होता. तिने कागद दुमडून खिशात घातले.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"काय ठीक आहे? ए, काय ठीक आहे?"

तिने तोवर गाडी चालू केली होती.

हायरम पोग या ठेकेदाराचं ऑफिस शेजारच्या काउंटीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. माजी सैनिकांच्या खात्याकडे त्याची नोंद झालेली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने नकाशा उलगडला, तसा त्याने तो परत गुंडाळला.

"नकाशा नंतर. पाय कुठून गेलाय?"

लोरीनचे कान तापले. "गुडघ्याखालून."

"खोटा पाय काढून ठेवता तेव्हा घरात कशा फिरता?"

"तो माझा प्रश्न आहे."

"घर मी बांधायचं असेल तर माझाही आहे. कोपऱ्यात चाकांची खुर्ची आहे. पाय काढा, बसा, आणि त्या न्हाणीघरात जाऊन दाखवा. जमत नसेल तर दुसरा माणूस शोधा. मला वेळ नाही."

फौजेतला कुठला अधिकारीही तिला असं तोडून बोलला नव्हता. ती दारापर्यंत गेली. मग परत येऊन तिने पॅन्ट वर सारली, पाय सोडवला आणि त्याच्या टेबलावर, उघड्या कागदांवरच आडवा ठेवला. पोगने त्याकडे पाहिलंही नाही. तो टेप घेऊन गुडघ्यांवर बसला आणि तिच्या चाकांमागून जमिनीवर खडूने खुणा करू लागला.

"इथे अडलात. वळा. पुन्हा अडलात. दीड फूट वाढवावं लागेल."

बाहेर पडल्यावर, पोगने घरं बांधून दिलेल्या तिघांना तिने फोन लावले. दोघांनी त्याच्या तोंडाळपणाला शिव्या घातल्या, घराला मात्र नाव ठेवलं नाही. तिसरा, नौदलातून निवृत्त झालेला म्हातारा, म्हणाला, "माणूस हलकट आहे. भिंतीला एक चीर नाही."

गुरुवारी तिने पोगबरोबर करार केला. शनिवारी, पोग तिच्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेषा आखत असताना, डेल्मरचा ट्रक येऊन थांबला.

"एवढं न्हाणीघर? आत घोडा बांधायचाय का?"

पोगने मान वर केली नाही. "आपण कोण?"

"हिचा भाऊ. या काउंटीतली निम्मी घरं माझी आहेत."

"मग जा त्यांच्याकडे. इथे फक्की तुडवू नका."

डेल्मर लालबुंद होऊन बहिणीकडे वळला. "चार लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. आई असती तर..."

"आईकडचं न्हाणीघर कोणी बांधलं?"

"मी! एक फरशी हलली नाही अजून."

"दार चोवीस इंचाचं आहे. खुर्ची आत जात नाही."

"तुला खुर्ची कशाला हवी? चांगली चालतेस की."

"सकाळी सूज असते. तास-दीड तास पाय चढतच नाही."

"मग?"

"दाराशी खुर्ची सोडते. पुढे बसून सरकत जाते."

डेल्मरने पोगकडे पाहिलं. पोगने फक्कीची बादली उचलली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथल्या रेषा केव्हाच आखून झाल्या होत्या.

"रोज?"

"रोज. आई होती तेव्हा ती खाली टॉवेल अंथरायची."

"मला कुणी बोललं नाही."

"तिनेच नको म्हटलं होतं. म्हणाली, त्याने स्वतःच्या हाताने बांधलंय."

डेल्मर ट्रककडे गेला. चाकांखालची खडी उडून लोरीनच्या बुटांवर आली.

"हिवाळा सौम्य गेला तर घराला सात महिने," निघताना पोग म्हणाला. "नाहीतर नऊ."

ती आईच्या घरी परतली तेव्हा चार वाजले होते. पुढचं दार उघडं होतं. बोळात पांढरी धूळ तरंगत होती. तिची खुर्ची एका बाजूला सरकवून तिच्यावर कुणीतरी चादर टाकली होती. न्हाणीघराचं दार भिंतीला टेकून उभं होतं आणि डेल्मर चौकटीत पहार घालून लाकूड उपटत होता.

"त्या उद्धटाने केवढं दार धरलंय?" त्याने मागे न पाहता विचारलं.

"छत्तीस इंच."

"छत्तीस! जागा फुकट घालवायची नुसती." त्याने टेप ओढला, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. मग तीच रेघ अंगठ्याने पुसली.

"तुझी ती खुर्ची आण," तो भिंतीशीच बोलला. "नुसती नको. बसून ये."