तीनच्या पुढचा आवाज

प्लेक्ट्रमचं एक टोक झिजून गोल झालं होतं, दोन अजून तशीच टोकदार होती, आणि मधोमध, जिथे अंगठा बसायचा तिथे, साबणाच्या डबीवरच्या छापाचं अर्धं अक्षर दिसत होतं – शोभनाने ते खिडकीतल्या उजेडात धरलं, चिमटीत फिरवलं, आणि तिला एकदम वाटलं की हे आपलं नाहीच, कुणा दुसऱ्याच बाईचं आहे, जी साबणाच्या डबीचं झाकण कातरीने कापून, फरशीवर घासून गिटार छेडायचे असले तुकडे तयार करायची, कारण विकतचे मुंबईहून मागवावे लागायचे आणि स्टेजवरच्या अंधारात हरवायचे... कुठली बाई? मीच की ती. दूध वर येत होतं. तिने गॅस बंद केला आणि प्लेक्ट्रम ब्लाउजमध्ये खोचून टाकलं, पूर्वी खोचायची तसं.

दुपारी संहिता येणार होती. मूळची पुण्याची, नोकरीसाठी इंदूरला आलेली, शहराबाहेर राऊ गावात राहणारी ही मुलगी सुट्टीच्या दिवशी या भागातल्या वाजवणाऱ्या लोकांना शोधून काढते, फोन तिकाटण्यावर लावून त्यांच्यासमोर बसते आणि प्रत्येकाला एकच विचारते – तुमची सगळ्यात आवडती गिटार कुठली, आणि कुठला ॲम्प्लिफायर? शोभनाने ते सगळे व्हिडिओ चष्मा लावून, काही दोनदा, पाहिले होते. गौतमपुऱ्याचा एक लग्नात वाजवणारा माणूस सांगत होता की थंडीत त्याची गिटार उशिरा जागी होते, तिला शाल पांघरून उन्हात बसवावं लागतं. महूच्या एका गृहस्थाचा ॲम्प्लिफायर कधीचा बंद पडलेला, दुरुस्तही होणार नाही असा, तरी ते त्यावर हात ठेवून बोलत होते आणि बोलता बोलता रडायलाच लागले. एवढा मोठा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, एका खोक्यावर हात ठेवून रडतो! शोभना थक्क झाली होती. हसू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आपण काय सांगणार? माझं कुणावर असं प्रेम होतं का? असेल तर ते गेलं कुठे?

तिच्याकडे होत्या दोन गिटार. एक तपकिरी, कलकत्त्याची, साधी, जिच्यावर ती शिकली. आणि एक लाल, इलेक्ट्रिक, तिच्या मोठ्या भावाने, विष्णूदादाने, मुंबईहून कुणाकडून तरी जुनी आणलेली. आणि तो ॲम्प्लिफायर – राजवाड्यापाशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चिंतामणरावांनी प्लायवूडच्या पेटीत जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह बसवून खास तिच्यासाठी जुळवलेला. त्याच्यावर आधी टीव्ही होता, मग पाण्याचा फिल्टर, हल्ली विणकामाचा रुमाल आणि गणपती. संहिता पहिल्यांदा आली तेव्हा चहा तसाच ठेवून फरशीवर गुडघे टेकून बसली होती, पेटीच्या मागून फोनच्या टॉर्चने आत बघत. मग तिने अगदी हळू विचारलं, मावशी, मी हा नेऊन चालू करून आणू? गणपती उचलून कपाटात ठेवताना शोभनाला उगीच लाजल्यासारखं झालं होतं. आज तो परत येणार होता.

आणि आज ती तिन्ही वस्तू त्या मुलीला देऊन टाकणार होती. ठरलं होतं तिचं. फक्त द्यायच्या आधी एकदा वाजवून बघायचं होतं, कारण एक गोष्ट तिला आयुष्यभर सलत आली होती आणि ती आता तरी निकालात निघायला हवी होती – दादाचं खरं होतं का?

दादाचा ऑर्केस्ट्रा होता. गणेशोत्सवात रामबागेत, नारायण बागेत, उज्जैन-देवासपर्यंत कार्यक्रम व्हायचे. दादा हार्मोनियमवर, आणि सगळ्यांच्या मागे, साडीचा पदर कमरेला खोचून, लाल गिटार गळ्यात अडकवून शोभना. लोक तिला बघायलाही यायचे, ते तिला कळायचं आणि आवडायचंही, खोटं कशाला बोला. आणि एका रात्री कार्यक्रम संपल्यावर, वायरी गुंडाळताना, दादा अगदी मायेने, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, “शोभा, हात छान आहे तुझा. पण आवाज नाही.” बस, एवढंच. दुसऱ्या वाक्याची गरज पडली नाही. पुढच्या महिन्यात तिला कोषागारात नोकरी लागली आणि सगळे समजले की नोकरीमुळे सोडलं. तिनेही तसंच समजू दिलं... सोयीचं होतं ते. पण आवाज नाही म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. ते तिच्या स्वतःच्या कानांनी तिला केव्हाच सांगितलं होतं. तिचे सूर मरायचे. तार छेडली की सूर निघायचा, स्वच्छ, शहाणा, आणि तिला काही म्हणायच्या आत विझून जायचा. मग ती रिकामी जागा भरायला दुसरा, तिसरा, चौथा... लोकांना वाटायचं काय भराभर वाजवते ही पोरगी. ती घाबरून वाजवत असायची.

जेवताना दादा कुरकुरलाच. वहिनी गेल्यापासून तो तिच्याकडेच राहतो, पंचाहत्तरी उलटली तरी पोळीला तूप कमी पडलं की हिंदीत रागावतो. त्याच्या ऑर्केस्ट्राचा इतका बोलबाला होता आणि ही पुण्याची मुलगी मुलाखत घेणार कुणाची, तर मागे उभी राहणारीची – असं तो उघड म्हणाला नाही, पण त्या डब्याचं काय एवढं कौतुक चाललंय, असं दोनदा म्हणाला. शोभनाने त्याला आणखी एक पोळी वाढून गप्प केलं. ऊन उतरल्यावर काठी घेऊन तो लालबागेत फिरायला निघाला, तुमचं शूटिंग-बिटिंग चालू दे, मी आपला बाहेर बरा, असं म्हणत. फाटक जरा जास्तच जोरात लावलं त्याने.

तो गेल्यावर थोड्या वेळाने संहिता आली. तिने पेटी ठेवली, वायर जोडली, फोन तिकाटण्यावर लावला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग हळूहळू, पेटीच्या मागच्या फटीतून, भिंतीवर नारिंगी उजेड चढत गेला आणि तापलेल्या धुळीचा, लाखेचा, जुन्या प्लायवूडचा वास खोलीभर पसरला – आणि त्या वासाबरोबर मांडव, कनाती, झेंडूचे हार, पहिल्या रांगेतले साहेब, सगळंच आत शिरलं, एकदम, न विचारता. शोभनाने खुर्चीचा हात धरला. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी तिला झालं, आणि ती फारशी देवळात जाणारी बाई नव्हती.

तिने लाल गिटार मांडीवर घेतली आणि छेडली.

तोच. अगदी तोच आवाज, बारीक, सोज्वळ, पाहुण्यांसमोर पदर सावरून बसलेला. सूर निघाला आणि मेला. तिने दुसरा काढला, तोही मेला, आणि आता तर बोटं आखडलेली, भराभर वाजवून झाकायचीही सोय राहिली नव्हती. म्हणजे दादाचं खरं होतं. तिला रडू नाही आलं, एक प्रकारची सुटकाच वाटली, रिपोर्ट हातात पडल्यावर वाटते तशी – चला, निदान कळलं. ती संहिताला म्हणाली की हे असंच आहे बाई, घेऊन जा सगळं.

संहिता पेटीसमोर बसली होती. आवाजाच्या बटणाभोवती चिंतामणरावांनी काळ्या रंगाने एक ते दहा आकडे काढले होते. एक, दोन, तीन बोटांनी घासून पार पुसले गेले होते, आणि चारपासून पुढचे काल काढल्यासारखे कोरे करकरीत.

“मावशी, हे तीनच्या पुढे कधी नेलंच नाही?”

कशाला नेणार? शोभनाला प्रश्नच कळला नाही. स्टेजवर गायकाच्या वर गिटार जाता कामा नये, हा दादाचा नियम, घरी शेजारी. आणि पुढे नेलं तर काय होणार, तेच जरा मोठ्याने ऐकू येणार, एवढंच सगळ्यांना वाटायचं – दादाला, तिला, चुलत्या-मावश्यांना, अख्ख्या ऑर्केस्ट्राला. संहिताने मान हलवली. ती म्हणाली की हे व्हॉल्व्ह खालच्या आकड्यांवर नुसता निरोप पोचवतात. त्यांच्यावर भार पडला की मग ते स्वतः गायला लागतात. शोभनाने तिला बटण फिरवायला सांगितलं, तर ती मागे सरकली. हे तुम्हीच करायचं, म्हणाली.

बटण घट्ट होतं. चार. पाच. शोभनाने दाराकडे पाहिलं – कोण येणार होतं रागवायला? सहा. पेटीतून कढईत तेल तापावं तशी बारीक सळसळ यायला लागली. सात. आठाशी तिने बटण सोडलं, आणि, जास्त विचार केला तर होणार नाही म्हणून, तिसऱ्या तारेवर बोट टेकवून एकच सूर काढला.

तो मेला नाही.

तो खोलीत आला आणि उभा राहिला. जाड, खरखरीत, थोडा फाटलेला, बाईमाणसाने कधी काढू नये असा आवाज – आणि तो थांबला होता, माझ्यासाठी थांबला होता, मी बोट जरासं हलवलं तर तो हलला, दाबलं तर कण्हला, आणि जाईल जाईल म्हणताना जाण्याऐवजी त्याच्याच आतून दुसरा सूर निघाला, वरचा, पातळ, मी न छेडलेला... कोण वाजवतंय हे? काचेच्या कपाटातले कप किणकिणत होते. लाकूड माझ्या पोटाला लागून थरथरत होतं. मला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढच्या सुराची घाई नव्हती, एकेक सूर मी वाट बघून काढत होते, सातआठच असतील सगळे मिळून, कुठल्या गाण्याचे नाहीत, कशाचेच नाहीत, आणि आखडलेल्या बोटांना तेवढे पुरत होते. देवा, हे इथे होतं. माझ्याच घरात, टीव्हीखाली, फिल्टरखाली, गणपतीखाली, हे एवढं मोठं बसून होतं आणि मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते.

मग आखडलेली बोटं पुढे चालेनात, तेव्हा तिने गिटार संहिताच्या मांडीवर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. पेटीची सळसळ तेवढी चालू होती.

दार ढकललं गेलं. दादा उंबऱ्यात उभा होता, चपला न काढता, काठी हातात तशीच. त्याने आधी नारिंगी उजेडाकडे पाहिलं, मग गिटार घेऊन बसलेल्या संहिताकडे; खुर्चीतल्या बहिणीकडे त्याची नजर गेलीच नाही.

“बेटा,” तो म्हणाला, “तू वाजवत होतीस? मी फाटकाशीच थांबलो. पुढे पाऊलच टाकवेना, सच में.” तो सावकाश दिवाणावर बसला. “इतकी वर्षं ऑर्केस्ट्रा चालवला मी. सगळं केलं, लेकिन हा आवाज मला कधी मिळाला नाही. कुणाकडूनच नाही.”

त्याचे डोळे भरले होते. संहिताने तोंड उघडलं, आणि शोभनाचा हात आपसूक पुढे गेला आणि तिच्या मनगटावर टेकला.

सांगू? सांगायलाच हवं. नाहीतरी फोन चालूच होता, रविवारी संहिता तो व्हिडिओ टाकणार, दादा बघणार, सगळं कळणार. पण आत्ता सांगितलं की तो चकित होईल, मग हसेल, मग तिच्या पाठीवर हात ठेवेल. म्हणेल वा शोभा. आणि मग तिचा मोठा भाऊ होऊन काहीतरी समजावून सांगेल. आत्ता तो कुणाचाच भाऊ नव्हता. चपला घालून दिवाणावर बसलेला, ओल्या डोळ्यांचा एक म्हातारा ऐकणारा होता, आणि फाटकाशी पाऊल का अडलं ते एका अनोळखी मुलीला, हात हलवत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, सांगत होता. शोभना ऐकत होती. राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडेना. सापडली ती भीती – उद्या सकाळी दादा अंघोळीला गेला की या घरात आपण एकट्या असू आणि ती पेटी असेल, आणि आपण ती लावू, आणि नऊपाशी काय असेल, दहापाशी काय असेल, कोण जाणे. सगळं देऊन टाकायचं ठरलं होतं ना? राहू दे ते, आता नाही. दादा त्या सुराबद्दल सांगत होता, कसा तो संपता संपत नव्हता, कसा त्याच्या आतून दुसरा निघाला, आणि ती मान किंचित कलती करून, ज्या बाईला अजून भेटायचं आहे तिच्याबद्दल ऐकावं तशी, त्याचा शब्द न शब्द ऐकत होती.